खाली घासती का?

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा मामला. बिदर असो, कलबुर्गी, लातूर की सोलापूर; गाडी गेटाबाहेर पडते, शहरातल्या त्यातल्या त्यात बऱ्या रस्त्यावर एकदा-दोनदा जोर दाखवते आणि यू-टर्न घेऊन परत येते. शेजारी बसलेला सेल्समन सनरूफ उघडतो, गाण्याचा आवाज वाढवतो, मोबाईल कुठे ठेवायचा ते सांगतो. खाली उतरेपर्यंत बुकिंगचा फॉर्म तयार असतो. बैल घेताना याच भागातला शेतकरी दात बघतो, खुरं बघतो, औताला जुंपून दोन तास घेतल्याशिवाय पैसे मोजत नाही. दहा लाखांच्या गाडीला मात्र पंधरा मिनिटं पुरतात.

राजेश्वरसारख्या गावाला हे परवडणारं नाही. बसवकल्याण तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. जुना नऊ नंबरचा हायवे, आता पासष्ट. एका अंगाला बसवकल्याणचा सस्तापूर बंगला, दुसऱ्या अंगाला हुमनाबाद. रस्त्यावर एमएच १३, एमएच २५, केए ५६, केए ३२ आणि तेलंगणाच्या पाट्या एकमेकींना मागे टाकत असतात. बसवकल्याणच्या ऑटोनगरात ट्रकच्या बॉड्या बांधल्या जातात, त्यामुळे पत्रा, पाटे, वेल्डिंग यांवर अधिकाराने बोलणारी माणसं इथे चहाच्या टपरीवरही भेटतात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी असा इथला रिवाज. गाडीची भाषा मात्र सगळ्यांची एकच. पिकअप, ॲव्हरेज, रिसेल.

त्यातही वयाप्रमाणे प्रश्न बदलतात. पोरगा विचारतो, शंभरला किती सेकंदात जाते. काका विचारतात, लिटरला किती देते. आजोबा गाडीच्या पुढ्यात वाकतात, बंपरखाली हात घालतात आणि विचारतात, ‘खाली घासती का रं?’ छोट्या, चपळ, ‘स्पोर्टी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीची खरी परीक्षा या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

ही जातच मुळात पोटापाण्याच्या गाडीतून निघालेली. फोक्सवॅगनने १९७६ साली आपल्या साध्यासुध्या गोल्फमध्ये ११० अश्वशक्तीचं १.६ लिटरचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीआय म्हटलं. वजन जेमतेम ८१० किलो. कंपनीचा अंदाज होता ५,००० गाड्यांचा. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांवर गेल्या. आठवडाभर दूध-भाजी आणायची आणि रविवारी घाटात मजा करायची, दोन्ही एकाच गाडीत, हा त्यातला हिशेब. आपल्याकडे तो २००१ च्या फियाट पालिओ १.६ ने आधी मांडून पाहिला. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, जाहिरातीत सचिन तेंडुलकर, बॉनेटखाली शंभर घोडे. चालवणारे खूश आणि पेट्रोल पंपवाले त्याहून खूश.

मग २००५ च्या मे महिन्यात स्विफ्ट आली आणि दोन वर्षांनी तिचं डिझेल इंजिन. मूळ फियाटचंच, १,२४८ सीसी, ७५ अश्वशक्ती. हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. आकड्यांत ते काही स्पोर्टी नव्हतं. पण १९० न्यूटन मीटरचा टॉर्क होता, आणि दोन हजार आरपीएमच्या वर गेलं की मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी पुढे सरके. या पट्ट्यातल्या एका अख्ख्या पिढीची ‘पिकअप’ची कल्पना त्या डिझेल स्विफ्टने घडवली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहाचे नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. आज राजेश्वरचा माणूस पेट्रोलची नवी गाडी चालवतो तेव्हा मनातल्या मनात तिची तुलना त्या जुन्या डिझेलशीच होत असते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात या स्पर्धकाचं नाव नसतं.

आपल्याकडच्या छोट्या गाडीचं माप मात्र सरकारी पट्टीने ठरलं. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली; अट अशी की पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आणि डिझेल १,५०० सीसीच्या आत हवं. जीएसटी आला, दर बदलले, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा बदलले. ही रेघ तिथेच राहिली. म्हणून जोर हवा तर इंजिन मोठं करता येत नाही, त्याला टर्बो लावावा लागतो. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १,१९७ सीसी आणि १०५ अश्वशक्ती, ही त्या रेघेच्या आत राहून केलेली पहिली देखणी करामत. रेघ ओलांडणाऱ्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. रांजणगावची फियाट अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली: १,३६८ सीसी, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत दहा लाखांच्या किंचित आत. चालवणाऱ्यांनी डोक्यावर घेतली, गिऱ्हाइकांनी घेतलीच नाही. तिचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर. आजोबांनी तिथेच नापास केली असती.

टर्बोचं काम कसं चालतं ते हायवेवर कळत नाही. धुराच्या झोतावर पंखा फिरतो, तो हवा दाबून इंजिनात भरतो. पण झोतच कमी असेल तर पंखा सुस्त. चारपदरी रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये नव्वदने जाणारी गाडी कायमच तयारीत असते, त्यामुळे सेल्समन तिथेच नेतो. गाडी उतरवावी ती बसवकल्याण-भालकीकडच्या साध्या रस्त्यावर, ऊस हंगामात. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वेग वीस-पंचवीस. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रांगते आहे, काटा बाराशेवर. समोरचा रस्ता मोकळा दिसतो, पाय दाबला जातो... आणि काहीच होत नाही. एक क्षण, दोन क्षण. मग एकदम सगळा जोर येतो, तोवर समोरून एसटी दिसू लागलेली असते. दुसरा गिअर टाकूनच निघायला हवं होतं. ही गोष्ट गाडीने शिकवण्यापेक्षा टेस्ट ड्राइव्हमध्येच शिकलेली बरी.

या कसोटीवर अलीकडच्या दोन गाड्या सरळ घासून बघता येतात. सप्टेंबर २०२१ मधली ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन: ९९८ सीसी, १२० अश्वशक्ती, १७२ न्यूटन मीटर. जून २०२४ ची टाटा अल्ट्रोज रेसर: ११९९ सीसी, तेवढीच अश्वशक्ती, १७० न्यूटन मीटर, सहा गिअरचा हाताचा गिअरबॉक्स. कागदावर दोन न्यूटन मीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. एन लाइनचा टॉर्क पंधराशेपासून पूर्ण मिळतो असं कंपनी सांगते, रेसरचा साडेसतराशेपासून. ट्रॉलीमागे रांगताना हे अडीचशे फेरे लागू पडतात; एकशे वीस अश्वशक्ती नाही. चारपदरी रस्त्यावर कायद्याने वेग शंभरच्या वर नेता येत नाही, आणि शंभरला ७५ वाली जुनी डिझेल स्विफ्टही बिनबोभाट जात होती.

शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. रात्री मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेली ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. म्हणून ब्रेकची परीक्षा पिकअपच्या आधी घ्यावी. रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही ते बघून, साठच्या वेगात ब्रेक पूर्ण दाबायचा. स्टिअरिंग सरळ राहतं का, मागचा भाग हलतो का, एबीएसची थरथर पायाला लागते का. बहुतेक गिऱ्हाईक हे करत नाहीत. सेल्समनला वाईट वाटेल म्हणून.

टायरचं गणितही बाजूच्या भिंतीवर छापलेलंच असतं, वाचायची सवय नाही इतकंच. एन लाइनवर १९५/५५ आर १६ लिहिलेलं असतं. म्हणजे टायर १९५ मिलिमीटर रुंद आणि त्याची भिंत रुंदीच्या ५५ टक्के उंच: १०७ मिलिमीटर. साध्यातल्या साध्या स्विफ्टचा १६५/८० आर १४, त्याची भिंत १३२. वळणावर कमी भिंत छान, गाडी चिकटून जाते. पण काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि डांबराची कड अचानक तुटते. तिथे ते २५ मिलिमीटर रबर म्हणजे अलॉय व्हील वाचणं किंवा वाकणं. रेसरचा १८५/६० आर १६ मधे कुठे तरी बसतो.

आणखी एक गोष्ट कोणत्याच शोरूमच्या यादीत नसते. कलबुर्गीची तूर देशभर जाते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. हंगामात या भागात तिचं पीक काही ठिकाणी रस्त्यावर अंथरतात आणि मळणीचं काम वाहनांच्या चाकांवर सोपवतात. वाळक्या तुराट्या बुटक्या गाडीच्या पोटाला गुंडाळतात, तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला चिकटतात आणि पेटू शकतात. मागे दोन चकचकीत एक्झॉस्ट मिरवणाऱ्या गाडीने अशा ठिकाणी थांबावं, बाजूने जावं, आणि पुढे जाऊन एकदा खाली वाकून बघावं.

गाड्या तपासायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. पुण्याची एआरएआय १९६६ पासून हेच करते, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, आणि इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगाचा गोल ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे यंत्रं जे मोजतात ते चोखच असतं. पण त्या ट्रॅकवर मागच्या सीटवर गुडघे दुखणारी आजी नसते, डिकीत ज्वारीचं पोतं नसतं, आणि गावात शिरताना पंचायतीने हौसेने उभारलेला, कुठल्याच मापात न बसणारा ब्रेकर नसतो. गाडी एकट्या पोराला घेऊन त्यावरून सहज जाते. पाच माणसं बसली की मागचे स्प्रिंग दबतात, आणि तोच ब्रेकर पोटाला करकरून लागतो.

तेव्हा राजेश्वरच्या गिऱ्हाइकाने शोरूममध्ये घरदार घेऊन जावं, पाच जण बसवून टेस्ट ड्राइव्ह मागावी आणि गाडी साध्या रस्त्यावर न्यायचा हट्ट धरावा. हैदराबाद-सोलापूर वारंवार करणाऱ्या, बहुतेकदा एकट्याने जाणाऱ्या माणसाला एन लाइन जास्त आनंद देईल. शेत, सोयरीक आणि हायवे तिन्ही सांभाळायचं असेल तर रेसरचा टायर बरा. आणि सोलापूरला रस्त्याचा कर कमी पडतो की बिदरला, याचा हिशेब करून एमएच पाटीची गाडी आणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम वाचावं: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. राहायचं राजेश्वरलाच असेल तर पहिल्या दिवशीच केए ५६ घेतलेला बरा.