जुन्या संगणकांचा दप्तरखाना

अमेरिकेंत मुलाकडे किंवा मुलीकडे चारसहा महिने राहून आलेलीं वडील माणसें आतां आपल्यांतील पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या तोंडून नायगाराचें वर्णन वाचकांनीं अनेकदां ऐकिलें असेल, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या तांबड्या पुलाचीं छायाचित्रें पाहण्याची तर आतां कोणास हौस राहिलेली नाहीं. परंतु त्याच शहराच्या आसपास दोन स्थळें अशीं आहेत कीं, ज्यांची वाट आपल्या मंडळींस क्वचितच कोणी दाखवितो. मुलें स्वतः त्याच धंद्यांतलीं. दिवसभर ज्या यंत्रापुढें बसावयाचें, त्याचेच आजे-पणजे पाहण्यांत सुटीचा दिवस कशास घालवावा, असें त्यांस वाटत असावें. आम्हीं गेल्या मुक्कामांत हट्टानें हीं दोन्ही स्थळें पाहिलीं. समवेत आमच्या वहिनी होत्या.

पहिलें स्थळ माउंटन व्ह्यू या गांवीं आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेस सॅन होझेकडे जाणारी कॅलट्रेन नांवाची आगगाडी तेथें थांबते. हा लोहमार्ग १८६४ सालीं पुरा झाला, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणें मार्गाहून तो अकरा वर्षांनीं धाकटा. मात्र विजेच्या गाड्या त्यावर २०२४ सालीं धांवूं लागल्या! मुंबईकरांस १९२५ सालींच विजेच्या गाडीनें कुर्ल्यास जातां येत होतें. साऱ्या जगास संगणक पुरविणाऱ्या या प्रदेशांत परवांपर्यंत डिझेलचा धूर निघत होता, हें वाचून आपल्या लोकलगाडीस नांवें ठेवणाऱ्यांनीं थोडा विसांवा घ्यावा.

स्थानकापासून बसनें शोअरलाइन रस्त्यावर उतरलें म्हणजे संगणकांच्या इतिहासाचें संग्रहालय लागतें. या खोऱ्यांत पूर्वीं जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बागा होत्या. बागा जाऊन कारखाने आले, आणि कारखानेहि जाऊन कचेऱ्या आल्या. संग्रहालयाची इमारत एके काळीं सिलिकॉन ग्राफिक्स या बड्या कंपनीची होती. त्या कंपनीनें ती सोडली, आणि २००३ पासून तिच्या दालनांत इतरांचीं जुनीं यंत्रें पाहावयास मिळूं लागलीं.

आरंभीं मणिचौकटी, नेपियरच्या पट्ट्या, गणकपट्टिका वगैरे मंडळी मांडलेली आहे. तिच्यांत आम्ही फार रेंगाळलों नाहीं. बॅबेजच्या आराखड्यावरून घडविलेलें अवाढव्य गणितयंत्र पाहण्याची इच्छा होती, परंतु २००८ सालीं येथें आलेलें तें यंत्र २०१६ सालीं मालकानें परत नेलें. पुढच्या एका वळणावर मात्र वहिनींनीं आम्हांस हांक मारून थांबविलें.

समोर एक तांबडें-पांढरें, ऐटबाज, ओट्यासारखें यंत्र होतें. हनीवेल कंपनीचा हा स्वयंपाकघरांतील संगणक. नीमन मार्कस या श्रीमंतांच्या दुकानानें १९६९ सालच्या नाताळच्या सूचीपत्रांत त्याची जाहिरात दिली होती. किंमत १०,६०० डॉलर. त्या काळीं तेवढ्यांत तीन बऱ्या मोटारी आल्या असत्या. त्यास भाजी चिरण्याची फळी जोडलेली, आणि किमतींत गृहिणीस दोन आठवडे यंत्राची भाषा शिकविण्याची सोय. कारण त्यास पडदा नव्हता, अक्षरांची कळपाटीहि नव्हती. कोणती भाजी करूं, हें कळी वरखालीं करून एक आणि शून्य यांच्या भाषेंत विचारावयाचें, आणि उत्तर मिणमिणत्या दिव्यांच्या ओळीवरून ओळखावयाचें. सूचीपत्रांतून असा एकहि संगणक विकला गेल्याचें आढळत नाहीं. वहिनींनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, ‘‘यांत फोडणी कोठें घालतात?’’ स्वयंपाकघरांत कधीं पाऊल न टाकलेल्या पुरुषांनीं स्त्रियांची सोय योजिली म्हणजे काय होतें, याचें इतकें बोलकें उदाहरण आम्हीं दुसरें पाहिलेलें नाहीं.

त्याच्या उलट गोष्ट एका साध्या चहाच्या किटलीची. यूटा विद्यापीठांत मार्टिन न्यूएल नांवाचे संशोधक संगणकाकडून वस्तूंचीं चित्रें काढविण्याचा प्रयत्न करीत होते. त्यांस नमुन्यादाखल एखादी वस्तु हवी होती. घरीं चहा घेतांना त्यांच्या पत्नी सॅंड्रा यांनीं ही किटलीच कां घेत नाहीं, असें सुचविलें. दांडा, तोटी, झांकण, फुगीर पोट आणि स्वतःचीच स्वतःवर पडणारी छाया, इतक्या अडचणी एका भांड्यांत एकवटलेल्या! न्यूएल यांनीं १९७५ सालीं तिचीं मापें प्रसिद्ध केलीं, आणि तेव्हांपासून संगणक-चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ती किटली काढिली आहे. १९९५ सालच्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतहि ती आहे. खरी पांढरी किटली येथें कांचेमागें ठेवलेली असून ती चित्रांतल्यापेक्षां उंच आहे. संगणकांतली किटली जरा दबलेली, बसकी झाली. संगणकाच्या इतिहासांत गृहिणीच्या सूचनेस मिळालेली ही जागा दहा हजार डॉलरांच्या ओट्यापेक्षां आम्हांस मोलाची वाटली.

गूगलच्या प्रारंभींच्या यंत्रांचें एक कपाटहि येथें आहे. १९९९ सालच्या या कपाटांत बुचाच्या पातळ पत्र्यांवर उघड्या विद्युत्पट्ट्या दाटीवाटीनें मांडल्या आहेत, तारा लोंबत आहेत, आणि एकंदर थाट लॅमिंग्टन रस्त्यावरील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानासारखा आहे. काटकसरीनें आरंभ केलेल्या घरांतील पहिल्या संसाराचीं भांडीं पुढें मुद्दाम जपून ठेवावीं, तसा हा प्रकार.

परंतु ज्यासाठीं दूरवरून यावें, तें एका बाजूच्या खोलींत आहे. आयबीएम कंपनीचा १४०१ हा संगणक १९५९ सालीं बाजारांत आला. त्याचें भाडें महिना अडीच हजार डॉलरांपासून पुढें होतें, तरी असे दहा हजारांहून अधिक संगणक तयार झाले. येथें त्यांपैकीं दोन आहेत, आणि दोन्ही चालतात. एक जर्मनींतून आणलेला. दुसरा कनेक्टिकट संस्थानांतील एका घराच्या तळघरांत सांपडला, तेथें एक कुटुंब त्याच्यावर लोकांचीं हिशेबाचीं कामें करून देत असे. पुष्कळ वर्षांच्या खटपटीनें ते ज्यांनीं चालू केले, त्यांतील बरेच जण त्याच कंपनीचे निवृत्त अभियंते. ठराविक दिवशीं ही स्वयंसेवक मंडळी यंत्रें चालवून दाखवितात. पंख्यांची घरघर, पंचकार्डें गिळणाऱ्या यंत्राचा खडखडाट, आणि मिनिटास सहाशें ओळी छापणाऱ्या छपाईयंत्राचा तर असा कर्कश आवाज कीं बोलणेंच खुंटावें. त्या गोंगाटांत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ यंत्रास कान लावून कोठें कांहीं बिनसलें आहे काय तें ऐकत होते. आम्हांस एक कार्ड मिळालें. त्यावर कळ दाबून आपलें नांव भोंकांच्या रूपानें उमटवितां येतें; अर्थात् रोमन लिपींत.

स्मरणशक्तीचा एक तुकडा त्यांनीं हातांत दिला. मोहरीएवढ्या काळ्या मुद्रिका बारीक तारांच्या जाळ्यांत ओंवलेल्या. एका मुद्रिकेंत एक आंकडा, शून्य किंवा एक. अशा जाळ्या हातानें ओंवाव्या लागत, आणि तें काम बहुधा कारखान्यांतील स्त्रिया करीत. वहिनींनीं तो तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. काळी पोत ओंवतांना डोळ्यांस काय पडतें, हें त्यांस ठाऊक आहे.

अशाच मुद्रिका मुंबईंतहि वापरल्या गेल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच तंत्रज्ञांनीं बांधलेला संगणक १९६० सालीं पुरा झाला. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्यास टिफ्रॅक हें नांव दिलें. थोडींच वर्षें राबून तो निवृत्त झाला, आणि आज तो चालतांना कोणास पाहावयास मिळणार नाहीं. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून दप्तरें गोळा केलीं, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, म्हणून मराठ्यांचे कागद टिकले. त्या कागदांस मात्र एक अनुकूलता होती, आणि तिचें महत्त्व आम्हांस गेल्या वर्षीं घरींच कळलें.

आमच्या घरीं माळ्यावर दोन पेट्या आहेत. एकींत मोडी कागद आहेत: कांहीं हिशेब, कांहीं पत्रें. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनीं त्यांतील बरेचसे एका दुपारींत वाचून दाखविले. त्यांस चष्मा आणि उजेड यांपलीकडे कांहीं लागलें नाहीं. दुसऱ्या पेटींत साडेतीन इंची अकरा फ्लॉप्या. आमच्या थोरल्या काकांनीं निवृत्तीनंतर, १९९४ सालीं, आपल्या आईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या, आठवणी तिच्या तोंडून ऐकून संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. काका गेले, आजी त्यांच्या आधींच गेली होती, आणि कागदावर उतरविलेली प्रत घरबदलांत नाहींशी झाली. फ्लॉपी वाचणारें यंत्र घरांतल्या एकाहि संगणकास नव्हतें. पुतण्यानें बाहेरून जोडण्याचें एक यंत्र पैदा केलें. चार फ्लॉप्यांवर बुरशी चढलेली होती. त्या वाचल्याच नाहींत. सातांतून मजकूर निघाला, पण डोळ्यांपुढें आलीं तीं रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी! त्या काळीं युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. प्रत्येक मराठी अक्षरसंचाची अक्षरांची मांडणी निराळी, आणि तो संच नसला कीं मजकूर म्हणजे केवळ कचरा. पुतण्यानें दीड महिना खपून कोणतें चिन्ह म्हणजे कोणतें अक्षर याचें कोष्टक बसविलें. पहिला शब्द लागला तो ‘पानशेत’. १९६१ च्या जुलैंत धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें त्या दिवसाची सारी हकीकत आजीनें सांगितली होती. देवघरांतील देव पदरांत बांधून ती गच्चीवर कशी चढली, हें आम्हांस प्रथमच कळलें. न वाचलेल्या चारांवर काकांच्या हस्ताक्षरांत ‘वाई, लहानपण’ असें लिहिलेलें आहे. तेवढें गेलें.

यास्तव यंत्रास कान लावणारे ते वृद्ध गृहस्थ आम्हांस हौशी संग्राहक वाटले नाहींत. मोडी वाचणाऱ्यांच्याच जातीचे ते.

दुसरें स्थळ खुद्द सॅन फ्रान्सिस्कोंत, रिचमंड या वस्तींतील फन्स्टन रस्त्यावर आहे. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं काढलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था २००९ पासून एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत आहे. दर्शनीं ग्रीक पद्धतीचे उंच खांब; संस्थेच्या बोधचिन्हांतहि तसेच खांब, म्हणून ही वास्तु तिच्या मनांत भरली म्हणतात. आंत बांकें जशींच्या तशीं आहेत आणि कडेनें मातीचे शंभरांहून अधिक लहान पुतळे उभे आहेत. ते देवदूतांचे नव्हेत. जो सेवक येथें तीन वर्षें काम करील त्याचा पुतळा घडवावा, असा येथला प्रघात आहे. इतका मान आपल्याकडील ग्रंथपालांस मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ही संस्था जगांतील संकेतस्थळांच्या नकला उतरून ठेवते. अशा पानांची संख्या २०२५ सालीं एक लाख कोटींवर गेली. जिओसिटीज या नांवानें लाखों सामान्य लोकांनीं आपापलीं घरगुती पानें मांडलीं होतीं. कोणी मांजराचीं चित्रें, कोणी लग्नाचें वर्णन. २००९ सालीं मालक कंपनीनें तें सारें बंद केलें, तेव्हां स्वयंसेवकांनीं व या संस्थेनें जमेल तेवढें वांचविलें. त्यांतील नाचऱ्या चित्रांचा शोध घेण्याची आतां स्वतंत्र सोय आहे, आणि ती पाहूं लागलें कीं तास कसा जातो कळत नाहीं. संस्थेवर संकटेंहि आलीं आहेत. प्रकाशकांनीं २०२० सालीं लाविलेल्या दाव्यांत ती हरली, २०२४ सालीं अपिलांतहि तोच निकाल कायम झाला, आणि पांच लाखांवर पुस्तकें उसनीं देणें तिला थांबवावें लागलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हल्लेखोरांनीं तिचीं यंत्रें कांहीं दिवस बंद पाडिलीं. प्रकाशकांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. लेखकालाहि पोट आहे. पण ज्या पुस्तकांचे मालकच उरले नाहींत त्यांची चिंता कोणी वाहावी, हा प्रश्न कोर्टांत सुटण्यासारखा नाहीं.

अशीं जुनीं मराठी पुस्तकें येथें पुष्कळ आहेत. भारतांतील ग्रंथालयांत छायाचित्रित झालेलीं तीं येथवर पोंचलीं. त्यांचीं नांवें मात्र रोमन लिपींत अशीं कांहीं लिहिलीं आहेत कीं ग्रंथकर्त्यासहि ओळखूं येऊं नयेत. शोधणारानें दोनचार प्रकारें चुकीचें लिहून पाहावें, बहुधा सांपडतें.

सभागृहाच्या भिंतींतील कोनाड्यांत यंत्रांचीं उंच काळीं कपाटें आहेत व त्यांवर निळे दिवे लुकलुकतात. त्यांच्या उष्णतेनेंच इमारत उबदार राहते. मजकुराची देवघेव होतांना दिवा मिचकावतो, असें मार्गदर्शकांनीं सांगितलें. तें ऐकतांच वहिनींनीं आपल्या फोनवर एक जुनें मराठी पाकशास्त्राचें पुस्तक उघडलें आणि त्या कपाटापुढें जाऊन उभ्या राहिल्या. एक पान उलटावें आणि वर पाहावें, असें त्यांचें बराच वेळ चाललें होतें. मंडळी पुढच्या दालनांत गेली तरी आपला दिवा कोणता, हें त्यांचें नक्की होईना.