मापाची वही

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, कुणाला दाखवू नका. वकीलबाई म्हणाल्या, रोज लिहा, तारखेसकट लिहा, पुढे दाखवावं लागेल. म्हणून दोन वह्या केल्या. ही न दाखवायची.

अपघाताला पाच महिने झाले. मनगटाचं प्लास्टर एप्रिलमध्येच निघालं. ह्यांच्या बरगड्याही भरून आल्या. येणारं प्रत्येक माणूस ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतं, आणि ते खरंच आहे. पण मशीनवर बसले की उजवा पाय पॅडलवर टेकत नाही. टेकला तर दाबला जात नाही. मोटर जराशी घुमली की पोटरी दगडासारखी होते आणि कानाच्या मागे घाम फुटतो.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “गाडीत तुम्ही कुठे बसला होतात? त्या वेळी पाय कुठे होता?” तोपर्यंत कुणी पायाचं विचारलंच नव्हतं. मी ह्यांच्या शेजारी पुढे बसले होते. आरशात टेम्पोचे दिवे मोठे होत होते आणि मी उजव्या पायाने गाडीचा तळ जीव खाऊन दाबत होते. तिथे ब्रेक नव्हता.

एक्स-रे मनगटाचा काढला होता.

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

वकीलबाईंकडे दोन तास गेले. १ एप्रिल २०२२ पासून कायदा असा झालाय की अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज पडला पाहिजे. आमची मुदत ९ सप्टेंबरला संपते. बरं एवढंच की राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणून साताऱ्यातच काम होईल.

सहा महिने! हाड सहा आठवड्यांत सांधतं, त्याच्या हिशोबाने ही मुदत पुष्कळ आहे. पण ज्या बाईला जूनपर्यंत ‘मला काही होतंय’ हेच कळलं नव्हतं, तिने काय करावं? चार महिने मी सगळ्यांना ‘मनगट अजून दुखतंय’ असंच सांगत होते, कारण दुसरं सांगायला शब्द नव्हता. सासूबाईंनी मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखलं. “पोरीने धसका घेतलाय,” म्हणाल्या आणि मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “धसका हा चांगला शब्द आहे. आमच्या पुस्तकात या आजाराला नाव मिळायला १९८० साल उजाडलं, तेही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे.” रस्त्यावरच्या अपघातानेही अगदी तेच होतं, असंही म्हणाल्या. नको असताना तेच चित्र डोळ्यांपुढे येणं, ती वाट टाळणं, बारीकशा आवाजाने दचकणं, झोप उडणं. हे महिन्याहून जास्त टिकलं की मग त्याला आजार म्हणायचं.

वकीलबाईंनी विचारलं, उत्पन्नाचा पुरावा काय? पावत्या कधी फाडल्या नाहीत. बायका ब्लाऊज नेताना पैसे हातावर ठेवतात. शेवटी मी मापाची वही पुढे केली. चौदा वर्षांत असल्या सहा वह्या भरल्या, ही सातवी. त्यांनी पानं उलटली. नाव, तारीख, छाती, कंबर, उंची, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, अस्तर, शिलाई, आगाऊ किती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात अकरा मापं. ८ मार्चला पाच. त्यानंतर एका रेघेखाली काहीच नाही. त्या कोरी पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, हाच तुमचा पुरावा. लिहिलेलं आणि न लिहिलेलंसुद्धा.”

मला मात्र ती पानं बघवेनात.

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

सोमवारी दावा दाखल झाला. परवा गणपती, मंगळवारी गौरी. दरवर्षी या दिवसांत रात्री एकपर्यंत मशीन चालायचं. आज तीन बायका येऊन परत गेल्या. एकजण जाताना सहज बोलली, “जाऊ द्या हो, आता मिळतील की चार पैसे.” वाईट मनाने नाही बोलली. पण दार लावल्यावर मी तिथेच उभी राहिले.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. दादा पुण्याहून एसटीने आला, कारण मी तिकडे जाऊ शकत नाही. ओवाळताना त्याने विचारलं, “नक्की काय झालं होतं गं?” मी मार्चपासून हे पोलिसांना सांगितलंय, इस्पितळात सांगितलंय, वकीलबाईंना तीनदा, मॅडमना पाच-सहा वेळा. त्यालाही सांगितलं. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. ती इथे लिहिते.

शिरवळ सोडून थोडं पुढे आलो होतो. मी म्हटलं, “अहो, पुढच्या टपरीवर चहा घेऊ.” ह्यांनी डावीकडचा दिवा लावला, गाडी हळू केली.

एवढंच. मी चहा मागितला नसता तर आम्ही वेगात पुढे गेलो असतो.

११ डिसेंबर २०२४, बुधवार

मॅडमनी पायऱ्या आखून दिल्यात. पहिले आठ दिवस उभ्या गाडीत दार उघडं ठेवून दहा मिनिटं बसायचं. भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा आणि तो खाली येईपर्यंत उतरायचं नाही. उतरलं की भीती जिंकते. मग दार लावून. मग इंजिन चालू करून. मग पोवई नाक्यापर्यंत. काल वाढे फाट्यापर्यंत गेलो, आकडा आठवरून पाचवर आला. हे वीसच्या वेगाने चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत होते आणि हे आरशाकडे न बघता नुसते माझ्या पायाकडे बघत होते.

आज शेजारच्या बाळासाठी झबलं शिवलं. मोटर काढून ठेवली आणि हाताने चाक फिरवत शिवलं. पाऊण तास लागला. टीप सरळ आली. बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळा आला. आता कोर्टात काय सांगायचं? मॅडमना मी बरी व्हायला हवी आहे, आणि दाव्याला मी तशीच राहायला हवी आहे. वकीलबाईंना फोन केला. त्या जरा रागावूनच म्हणाल्या, “शिवलं तर शिवलं म्हणून सांगा. बरं होणं हा काही गुन्हा नाही. फक्त पाऊण तास लागला हेही सांगा.” त्यांच्याबद्दल मला आज फार आदर वाटला.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. भुईंजपर्यंत गेलो. उसाचा हंगाम असल्याने रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्याने लावलेली. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे लाल पट्टीसुद्धा नाही. अंधारात थेट ऊसच दिसतो, तोही अगदी जवळ गेल्यावर. दिव्याला चमकणारी पट्टी काही हजारांची वस्तू नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असा सरकारचाच आकडा आहे. या जखमींच्या आकड्यात मनगटं आहेत, बरगड्या आहेत. माझ्या पायासारखे किती पाय असतील, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसणार.

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

काल अपंगत्वाचा दाखला हाती आला. मनगट, कायमचं, आठ टक्के. वकीलबाईंनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. महिना बारा हजार म्हणजे वर्षाला १,४४,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासच्या आत म्हणून पुढच्या वाढीपोटी २५ टक्के धरायचे, हे २०१७ च्या निकालाने ठरलंय. झाले १,८०,०००. वय त्रेचाळीस, म्हणून गुणक १४. तो तक्ता २००९ च्या निकालातला. झाले २५,२०,०००. याचे आठ टक्के २,०१,६००. आणि वीस टक्के धरले तर ५,०४,०००.

“वीस का?” मी विचारलं. २०१० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अवयव किती टक्के गेला ते वेगळं आणि कमाई किती गेली ते वेगळं. डावा हात गेला तर सुताराचं किंवा चालकाचं सगळंच जातं, कारकुनाचं तेवढं जात नाही. शिवणाऱ्या बाईचं मनगट आणि पॅडलवरचा पाय हे तसंच मांडायचं. शिवाय यातनांचं सदर निराळं. गेल्या नोव्हेंबरात एका माणसाला त्याच न्यायालयाने केवळ वेदना आणि यातनांपोटी पंधरा लाख दिले. “त्यांचं अपंगत्व फार मोठं होतं, तुमच्याशी तुलना नको. पण मनाचं दुखणं हे दुखणं असतं, असं कोर्ट मानतं.”

म्हणजे आठ आणि वीस यांच्यामधले तीन लाख दोन हजार चारशे रुपये माझ्या कोऱ्या पानांत आहेत.

१८ जून २०२५, बुधवार

उलटतपास झाला. हात अजून थरथरतोय, पण आजच लिहायला हवं.

मापाची वही पुराव्यात घेतली. लाल शाईने वर ‘निशाणी’ आणि क्रमांक पडला. चौदा वर्षं सातही वह्या माझ्या कात्रीशेजारी असायच्या. तिच्यावर दुसऱ्याचं अक्षर बघून कसंतरी झालं.

विमा कंपनीच्या वकिलांनी अदबीने विचारलं, पण विचारलं ते लागेल असंच. “मानसोपचारांसाठी तुम्ही पहिल्यांदा अपघातानंतर चार महिन्यांनी गेलात?” हो. “वकिलांच्या सांगण्यावरून?” नाही. “त्याआधी कुठल्याही कागदावर पायाचा उल्लेख नाही?” नाही. “डिसेंबरात तुम्ही शिवणकाम केलं?” हो, एक झबलं, पाऊण तासात.

मग विचारलं, “तुमच्या मिस्टरांनी हमरस्त्यावर गाडी एकदम हळू केली. का?”

समोर हे बसले होते. त्या टेम्पोवर होता तो मुलगाही मागच्या बाकावर होता, बावीस-तेवीसचा. त्यानेच धावत येऊन माझं दार ओढून उघडलं होतं. मी म्हटलं, “मी चहा घेऊ म्हटलं म्हणून.”

कुणी काहीच बोललं नाही. लेखनिकाच्या बोटांचा टकटक आवाज तेवढा ऐकू आला. वकीलबाईंनी नंतर दोनच प्रश्न विचारले. इंडिकेटर लावला होता का, गाडी डाव्या कडेला होती का. दोन्हीला हो. मग त्यांनी न्यायाधीशांना नियम वाचून दाखवला की पुढचं वाहन अचानक हळू झालं किंवा थांबलं तरी धडक टळेल एवढं अंतर मागच्या चालकानेच ठेवायचं असतं. मी तो नियम उभ्याने ऐकला. वर्षभर घरातल्यांनी, मॅडमनी, सगळ्यांनी ‘तुमची काय चूक’ म्हणून सांगितलं होतं. पण मी चहाचं त्यांना सांगितलंच नव्हतं, मग त्यांच्या म्हणण्याला अर्थ काय होता? हा नियम मात्र चहा धरून होता.

बाहेर आल्यावर हे बराच वेळ गप्प होते. रिक्षात बसताना म्हणाले, “मलाही हवा होता चहा. तू आधी बोललीस एवढंच.”

रडू आलं ते रिक्षा पोवई नाका ओलांडेपर्यंत थांबलं नाही.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

लोकअदालत. कोर्टाच्या आवारात जत्रेसारखी गर्दी. कंपनीने शेवटी ३,९०,००० देऊ केले, सगळ्या सदरांचे मिळून. वकीलबाईंनी दोन्ही बाजू मांडल्या. निकालापर्यंत लढलो तर जास्तही मिळतील, दाखल केल्या तारखेपासूनचं व्याजही मिळेल, पण कंपनी वरच्या कोर्टात गेली तर अजून किती वर्षं, सांगता येत नाही. इथे सही केली की विषय संपला, अपील नाही. “मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही, घेऊ नका म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, तू ठरव.

मी पैशाचा विचार केला. इस्पितळाचं बिल, दीड वर्षाची गेलेली कमाई, मॅडमची फी, धाकटीचं कॉलेज. पुरणार नाहीत. मग प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्रीचा विचार केला. पायात पेटका यायचा, पहाटे तीनला दिवे दिसायचे. दुसरी वही, ती दाखवायची, त्या रात्रींनी भरली होती. ती मला आणखी लिहायची नव्हती.

सही केली. कमी घेतले, हे मला माहीत आहे. ज्यांना धीर धरणं शक्य आहे त्यांनी लढावं, असंच मी कुणी विचारलं तर सांगेन.

सही झाल्यावर वकीलबाईंना म्हटलं, माझी वही परत मिळेल का? त्या क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, “अर्ज देऊ. नक्कल ठेवून मूळ देतात.”

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

वही परत मिळाली. पानांना कोर्टातल्या कपाटाचा वास येतोय. पहिल्या पानावर निशाणीचा लाल क्रमांक, मागे गोल शिक्का.

दिवाळी तोंडावर आली आहे. सकाळी शेजारची सून आली, भीत भीतच म्हणाली, “काकू, घ्याल का माप? घाई नाही, भाऊबीजेपर्यंत चालेल.” मोटर अजून लावलेली नाही. चाक हाताने फिरवते, काल दिवसात दोन अस्तराचे ब्लाऊज झाले. पॅडलवर पाय नुसता ठेवून बसते, रोज दहा मिनिटं. आकडा चार.

८ मार्चच्या रेघेपुढची कोरी पानं तशीच सोडली. कोर्टाच्या पानक्रमांकांचे आकडे त्यांच्या कोपऱ्यात आहेत. ते संपतात तिथून पुढचं पान घेतलं आणि तारीख घातली. छाती ३४, कंबर २९, उंची १४, बाही दहा, मागचा गळा खोल, नाडी लावायची.