आबांचा लेथ आणि माझा लाल ग्राफ

"इंजिनिअर झालास की सांग, हे मशीन ठेवू का विकू?" मी फर्स्ट इयरला असताना आबांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते चेष्टेत बोलत होते. गेल्या मे महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "बँकेचा माणूस कागद घेऊन आलाय. जुना लेथ देऊन सीएनसी घ्यावं म्हणतोय. तू शिकलायस, तूच सांग. घेऊ का नको?"

मित्रांनो, व्हायवाला एक्स्टर्नलने काहीही विचारलं तरी "सर, आठवत नाही" म्हणून सुटता येतं. फार तर के.टी. लागते. आबांना काय सांगणार? कर्ज त्यांच्या नावावर आणि उत्तर माझं! "ट्रेनिंग झालं की सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचा एक गाळा आहे. तीन लेथ, एक ड्रिल मशीन, आबा आणि बबनमामा. मामा म्हणजे सख्खे मामा नव्हेत, पण बावीस वर्षं ते आमच्याकडे टर्नर आहेत. पंपाचे शाफ्ट, बुश, गुऱ्हाळाच्या घाण्याचे भाग असली सगळी कामं. बबनमामा लेथवर हात ठेवून सांगतात, "बेअरिंग गेलंय." आणि ते गेलेलंच असतं.

जून महिन्यात मला रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात इनप्लँट ट्रेनिंग मिळालं. रोज सकाळी मेसचा थंड पोहा गिळून नेरूळहून ठाणे लोकल पकडायची. हा ठाणे-बेलापूरचा पट्टा जुना आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत इथे रसायनांचे, इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० मध्ये, म्हणजे त्यानंतर! आता ऐरोलीपासून महापेपर्यंत काचेच्या आयटी इमारती आणि डेटा सेंटर दिसतात. एका बाजूला कॉम्प्युटरसाठी चोवीस तास चालणारे एसी आणि रस्ता ओलांडला की कूलंटचा वास. आपल्या सिलॅबसमधले दोन वेगळे विषय इथे समोरासमोर राहतात.

तसं बघितलं तर कॉम्प्युटर आणि मशीन यांची सोयरीक नवी नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग बनवला. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात पुढे आला. आपल्याकडे पुणे-चाकण भागात माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबोही आता नवलाचे राहिलेले नाहीत. हे सगळं मी सेमिनारमध्ये पीपीटी लावून बोललो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या!

कारखान्यात चार सीएनसी आणि दोन जुने लेथ होते. मालकांनी पहिल्याच दिवशी काम दिलं. "एवढे पैसे घालून मशीनं घेतली. दिवसात खरोखर किती वेळ चालतात, ते शोधून दे." मी खूश. प्रत्येक मशीनच्या स्पिंडल मोटरच्या केबलला करंट मोजणारी क्लिप लावली, एक छोटा बोर्ड जोडला आणि आकडे वायफायवरून लॅपटॉपवर आणले. करंट ठरावीक मर्यादेच्या वर गेला की हिरवी पट्टी, खाली आला की लाल. आठ दिवसांत झकास ग्राफ तयार!

चारही मशीनं अर्ध्याहून कमी वेळ चालत होती. त्यातही तीन नंबरचं मशीन सगळ्यात लाल. त्यावर शिंदे काका होते. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मी रोज खात होतो. ग्राफ बघून मालकांनी काही विचारलं नाही. त्या महिन्याच्या इन्सेंटिव्हच्या यादीतून फक्त शिंदे काकांचं नाव गेलं.

काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाळा, तुझ्या त्या डबीला डोळे आहेत का रे?"

ती भाकरी घशाखाली उतरली नाही.

मग मी लॅपटॉप बंद केला आणि चार दिवस वही-पेन घेऊन काकांच्या मशीनजवळ स्टूल टाकून बसलो. तेव्हा जे दिसलं ते आधी कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मी शेवटच्या बाकावर होतो. बाकीच्या तीन मशीनवर एकाच जॉबचे पाचशे-पाचशे नग चालायचे. प्रोग्रॅम तोच, टूल तेच. नग लावा, दार लावा, बटण दाबा. काकांकडे मात्र पाच नग, आठ नग असली किचकट कामं यायची, कारण संपूर्ण शॉपमध्ये चांगला सेटर तेवढा एकच. दर वेळी चकचे जॉ बदलायचे, टूल लावायची, ऑफसेट घ्यायचे, पहिला नग काढायचा, तो मोजायला इन्स्पेक्शनच्या रांगेत लावायचा, दोन मायक्रॉनची दुरुस्ती करायची आणि मग कुठे पुढचे नग. या सगळ्या वेळात स्पिंडल बंद, म्हणून माझ्या ग्राफमध्ये लाल. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त कसब, तोच माझ्या हिशेबात सगळ्यात आळशी ठरला! सेन्सर खोटं बोलला नव्हता. त्याने करंट मोजला. 'करंट नाही म्हणजे काम नाही' ही अक्कल माझी होती.

मी प्रत्येक मशीनला चार बटणं लावली : सेटिंग, मटेरियल नाही, इन्स्पेक्शन, बिघाड. मशीन थांबलं की कारण दाबायचं. नवा ग्राफ काढून मालकांसमोर ठेवला आणि पहिला ग्राफ चुकीचा होता, चूक माझी होती, हेही सांगितलं. बोलताना पाय लटपटत होते. त्यांनी बराच वेळ ग्राफ पाहिला. काकांचं नाव यादीत परत आलं. मोजायला लागणारी साधनं मशीनजवळच ठेवायची असंही ठरलं, कारण सगळ्यात जास्त वेळ त्या रांगेत जात होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच ग्राफमध्ये मालकांना आणखी एक गोष्ट दिसली. पाचशे नगांच्या मशीनवर नग लावण्या-काढण्यात वेळ जातो. "पुढच्या वर्षी बार फीडर बसवू," ते म्हणाले. बार फीडर म्हणजे सळई आपोआप आत सरकते, माणूस लागत नाही. ते नग लावणारी दोन मुलं माझ्याच वयाची आहेत, कंत्राटी. एकजण रात्रीच्या आयटीआयचा फॉर्म कुठे मिळतो असं मला विचारत होता. हा ग्राफ मात्र बरोबर होता. मी त्यात काय दुरुस्त करणार?

हॉस्टेलवर रात्री यावर आमचा जोरदार वाद झाला. माझा रूम पार्टनर लालबागचा, त्याचे आजोबा गिरणीत होते. मी म्हणालो, यंत्रं माणसं खातात. तो म्हणाला, "१९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पण गिरण्या काय नव्या मशीनमुळे गेल्या? कित्येक गिरण्यांत तीच जुनी यंत्रं होती, मालकांनी पैसा घातलाच नाही. न बदलल्यानेही माणसं मरतात." मला किर्लोस्करांची गोष्ट आठवली. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घेत नव्हते. पुढे त्याच नांगरावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोघांचंही बरोबर होतं, पण त्या दोन मुलांचं काय हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. रेक्टर सर दिवा घालवायला सांगून गेले आणि वाद तिथेच राहिला.

शेवटी आबांना फोन केला. "आबा, घ्या. पण आधी बघा, एकाच जातीच्या शे-दोनशे नगांची ऑर्डर वर्षभर मिळणार आहे का. ती असेल तरच हप्ता निघेल. आणि एक तरी लेथ ठेवा. सीझनला मध्यरात्री कुणाच्या घाण्याचा शाफ्ट मोडला तर एका नगासाठी प्रोग्रॅम करत बसण्यापेक्षा लेथच लवकर काम करतो."

"आणि बबन?"

"मशीनवर मामाच बसले पाहिजेत. सेटिंगचं डोकं त्यांच्याकडे आहे. बटण दाबायला नवा पोरगा ठेवलात तर मशीन घेऊ नका."

आबा जरा थांबले. "बबन म्हणतोय, बटणं इंग्रजीत हायत. या वयात जमंल का मला?"

म्हणून सध्या रोज रात्री जर्नल लिहून झालं की मी एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहीत बसतो. जी-झिरो-झिरो : भरकन जा. जी-झिरो-वन : कापत जा. एम-थर्टी : संपलं, सुरुवातीला ये. दिवाळीच्या सुट्टीत तो पुठ्ठा घेऊन घरी जाणार आहे. त्या बदल्यात मामांनी मला लेथवर हाताने जॉब मापात काढायला शिकवायचं कबूल केलंय. वर्कशॉप प्रॅक्टिकलला माझा जॉब दीड मिलिमीटरने अंडरसाईझ झाला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बँकेचा कागद अजून टेबलावरच आहे. आबा म्हणतात, आधी बबन हो म्हणू दे, मग सही.