सुगरण आणि घोरपड

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. युसूफ आणि वडगाव हे दोन शब्द त्या एका नावात गुण्यागोविंदाने नांदतात. लेणी नाहीत, गडकोट नाहीत. पण भाद्रपदात तेथील एका विहिरीने मला तासभर रोखून धरले. काठावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती आणि खाली बांधाच्या दगडांवर एक घोरपड ऊन खात पडली होती.

एकीचे वजन जेमतेम २५ ग्रॅम, दुसरीची लांबी शेपटीसकट दीड मीटरपर्यंत जाणारी! शिवाय घोरपड झाडावर चढते, अंडीही आवडीने खाते. मग सुगरणीचा निभाव कसा लागावा?

तर तो घरट्याने लागतो. घरटे विणतो पिवळ्या टोपीचा नर. मादी पाहणी करते आणि पसंत पडले तरच संसार मांडते. मराठीने नाव मात्र बाईचे दिले! काटेरी झाड, खाली पाणी आणि बारीक फांदीच्या टोकाला झुलणारे घर. तेथवर घोरपडीने आपला देह न्यावा कसा?

घोरपडीचा लौकिक मोठा. १६७० साली तानाजीने सिंहगड घेतला, त्या कथेत दोर लावायला तीच आहे. घोरपडे हे आडनावही तिच्यावरूनच सांगतात. इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावरचा तिचा भाऊबंद तर तीन मीटरपर्यंत वाढतो. त्याची पिल्ले मात्र थोरल्यांच्या भीतीने झाडावरच राहतात. बेटावरची इवली गाणारी पाखरे जेथे बसतात, तेथेच या राक्षसाचे बालपण जाते!

पण लौकिकाने जीव वाचत नाही. घोरपडीच्या तेलाने सांधे मोकळे होतात, या समजुतीपायी ती मारली जाते. धनलाभासाठी देव्हाऱ्यात ठेवायची ‘हाताजोडी’ मुळी म्हणून विकतात. पुष्कळदा तो नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. तरी गिऱ्हाइके आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांतूनही मिळतात.

शेतमालक मला म्हणाले, “गुरुजी, तिला कशाला हुसकायचं? किडं-उंदरं खाती ती.”

घोरपडीपासून वाचण्याची विद्या सुगरणीला अवगत आहे. माणसापासून वाचण्याची विद्या घोरपडीला नाही. लक्ष्मीपूजनाचे सामान आणताना एवढे ध्यानात राहिले, तरी पुरे.