आंबवड्याचे आजी-आजोबा

वाचकहो, पुण्याहून सातारा रस्त्याने निघालात की कापूरव्होळला उजवीकडे वळा. थोड्या वेळाने भोर येते. तिथे चहा घ्या आणि रायरेश्वराच्या वाटेला लागा. वाटेतच आमचे आंबवडे लागते. चारी बाजूंनी डोंगर, मधे भाताची खाचरे. ओढ्याकाठी गर्द झाडीत नागेश्वराचे देऊळ आहे. ओढ्यावर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे. माणूस चालू लागला की तो हलतो, आणि पोरे तो मुद्दाम हलवतात. शंकराजी नारायण सचिवांची समाधी इथलीच. ते १७०७ साली वारले. पुढे त्यांच्याच घराण्याने भोर संस्थानाचा कारभार पाहिला, तो १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्याही समाध्या याच गावात आहेत. रायरेश्वराला जाणाऱ्या मंडळींनी अर्धा दिवस इथे जरूर काढावा.

मोठ्या माणसांच्या समाध्या तुम्हाला कोणीही दाखवील. मी मात्र तुम्हाला याच गावच्या दोन साध्या माणसांची ओळख करून देणार आहे. आंबवडे हे माझे आजोळ. माझ्या आजी-आजोबांनी इथे साठ वर्षांच्या वर संसार केला. लग्न झाले तेव्हा भोरला राजे होते. दोघांनी एकमेकांना कधी नावाने हाक मारली नाही. आजोबा म्हणायचे, "अगं, ऐकलंस का?" आणि आजी म्हणायची, "अवं, जरा इकडं या." एवढ्यावर सगळा संसार झाला.

तुम्ही म्हणाल, मग त्यात प्रेम ते कुठे दिसले? ते भाताच्या खाचरात दिसले. उन्हाळ्यात राब भाजायला आजोबा पालापाचोळा डोक्यावरून आणायचे, तो नीट पसरायची आजी. आषाढात आजोबा बैलांमागे गुडघाभर चिखलात चिखलणी करायचे. त्यांच्या मागे आजी बायकांना घेऊन लावणीला उतरायची. डोक्यावर इरले, पाठीवर पाऊस, कमरेतून वाकलेली. दुपारी बांधावर भाकरी सोडली की आजोबा आधी म्हणायचे, "तू बस, पाय धू." स्वतः चिखलाचेच उभे राहायचे. संध्याकाळी चुलीवर पाणी तापायचे, ते पहिल्यांदा आजीच्या पायांना. कडू तेल कोमट करून आजोबा बाजूला ठेवायचे आणि बाहेर पडवीत जाऊन बसायचे. लोकांनी पाहू नये म्हणून.

बियाणे आजीच्या ताब्यात. खळ्यावर मळणी सुरू होण्याआधी ती चांगल्या लोंब्या बाजूला काढायची, उन्हात वाळवायची आणि निरगुडीचा पाला घालून कणगीत ठेवायची. पुढच्या सालचा आंबेमोहोर कुठल्या खाचरात घालायचा, हे आजोबा तिला विचारल्याशिवाय ठरवत नसत. कोणी हसले तर म्हणायचे, "बी तिनं राखलंय, तर इचारायचं कुणाला?"

पुढे मी शेतीची पदवी घेऊन कृषी खात्यात लागलो. मिठाच्या पाण्यात बी टाकून तरंगणारे पोकळ दाणे काढायचे, हे प्रात्यक्षिक मी गावोगाव करून दाखवले. बादलीभोवती पुरुष उभे असत. ज्यांच्या हाताने बी निवडले जाते, त्या दाराआड. तेव्हा मला आंबवड्याची कणगी आठवायची आणि मी म्हणायचो, "घरच्या बाईमाणसांना बोलवा, मग सांगतो."

आता मुद्द्याचे सांगतो. महाराष्ट्र सरकारने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने आपल्या खुशीने अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. त्याआधी शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या पुढाकाराने याच नावाची मोहीम गावोगाव चालवली होती. आजोबांचे वय तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांनी हे कोणाकडून तरी ऐकले आणि काठी टेकत तलाठ्याकडे गेले. घरात कोणाला बोलले नाहीत. मामांनी नंतर विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले, "खाचरात दोघं होतो, कागदावर म्या एकटाच कसा?"

नवीन उतारा आला तेव्हा आजीला वाचता येत नव्हते. मी बोट ठेवून तिला तिचे नाव दाखवले. ती बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिली. मग पदराने कागद पुसला आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिला.

आजोबा गेल्यावर आजी आठ वर्षे जगली. त्या आठ वर्षांत घरात कोणी तिला विचारल्याशिवाय बांध हलवला नाही. मामा चांगले होतेच, पण तिच्या शब्दाला कागदाचाही आधार होता.

माझ्या नोकरीत मी दुसरीही घरे पाहिली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलामुलींच्या बरोबरीने वाटा आहे. पण घरचा धनी गेला की दहाव्याच्या आतच कोणीतरी हक्कसोडाचा कागद पुढे करतो, आणि रडून डोळे सुजलेली बाई अंगठा देते. पुढे तिला पीककर्जासाठीही मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते.

म्हणून, वाचकहो, हे पान वाचून झाल्यावर कपाटातला सातबारा काढा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. धन्याचे एकट्याचेच असेल, तर हयातीतच तलाठ्याकडे जाऊन अर्जाची चौकशी करा. उतारा हातात आला की घरच्या लक्ष्मीला तिचे नाव बोट ठेवून दाखवा. आमच्या आजोबांनी आयुष्यात आजीला दुसरी मोठी भेट दिल्याचे मला आठवत नाही. त्या भेटीनंतर दुसरी लागलीही नाही.