हवा तेवढाच नकाशा

कुणाला एका तालुक्यातले ओढे-नाले हवे असतात, कुणाला गावांच्या हद्दी, कुणाला नुसते रस्ते. फोन आला की त्या भागाची सीमा घ्यायची, लेयर क्लिप करायचे आणि झिप करून पाठवायचं, हे जीआयएसच्या कामात रोजचंच. मागणी वाढली की याच कामाचं टूल करून ते सर्व्हरवर चढवावं लागतं. मग ज्याला हवं त्यानं ब्राउझरमध्ये भाग आखावा, लेयर निवडावेत आणि फाइल उतरवून घ्यावी. आर्कजीआयएसमध्ये त्यासाठी ‘एक्स्ट्रॅक्ट डेटा टास्क’ तयारच मिळतं, त्यामुळे सर्व्हिस उभी राहायला फार वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. फोनवर मी विचारत असे: कशासाठी हवंय, कशात उघडणार, क्षेत्रफळ काढायचंय का? सर्व्हिस यातलं काहीच विचारत नाही. तरीही जाणारी फाइल बरोबर जावी, ही जबाबदारी टूल लिहिणाऱ्याची आहे असं मी मानतो.

पब्लिश करण्याआधी टूल एकदा स्वतः चालवावं लागतं. यशस्वी रन नसेल तर सर्व्हिस होतच नाही. हा नियम मला फार आवडतो. शहराजवळचा सुटसुटीत चौकोन दिला तर टूल कुठेच अडत नाही, म्हणून मी मुद्दाम अमरावती जिल्हा घेतो. यूटीएम प्रोजेक्शनचे पट्टे सहा-सहा अंशांचे असतात आणि ७८ अंश पूर्व रेखांश, म्हणजे ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा, या जिल्ह्यातून जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, वरुड ४४ मध्ये. पाणलोटाचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेनं वरुडचे ओढे ४४ मध्ये उतरवले, बाकीचा जिल्हा ४३ मध्ये घेतला, आणि कॉपी करताना प्रोजेक्शन सांगणारी छोटीशी .prj फाइल मागे राहिली, तर काय होतं? आकडे दिसायला ठीकच असतात. पण ते ४३ चे समजून वाचले की वरुडचे ओढे बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतात आणि गुजरातेत, खंबातच्या आखाताच्या काठाशी जाऊन पडतात. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. सगळ्यांना एकच प्रोजेक्शन मिळावं म्हणून जिल्ह्यासाठी एक पट्टा मी ठरवून टाकतो आणि दुसरा हवा असल्यास तो मुद्दाम निवडावा लागेल अशी सोय ठेवतो.

न दिसणाऱ्या चुकांची मला जास्त काळजी वाटते. क्लिप केल्यावर बहुभुज कापला जातो, पण त्याच्या टेबलात कुणीतरी पूर्वी भरलेला ‘हेक्टर’चा रकाना तसाच राहतो. सीमेवर अर्धं कापलेलं शेततळं अजूनही पूर्ण क्षेत्रफळ सांगत असतं. त्यावरून पाण्याचा हिशेब केला तर तो चुकतो आणि नकाशा मात्र अगदी नीट दिसतो. म्हणून माझी स्क्रिप्ट क्लिपनंतर क्षेत्रफळ आणि लांबी नव्यानं काढून वेगळ्या रकान्यात भरते, आणि कडेवर कापलेल्या प्रत्येक आकृतीवर तशी खूण करते.

मराठी नावांचा प्रश्न तर आपलाच आहे. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट खाते. ‘गाव’ नऊ बाइटांत बसतं. ‘तालुका’ला अठरा लागतात. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइटांची, म्हणजे ८४ चिन्हं. मजकुराचं एन्कोडिंग सांगणारी सोबतची .cpg फाइल हरवली की गावांची नावं वाचताच येत नाहीत. माणसाला त्याच्या गावाचं नाव नीट वाचता आलं पाहिजे, यात तडजोड नाही. २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या जिओपॅकेजमध्ये ही अडचण येत नाही आणि सगळं एकाच फाइलीत राहतं, म्हणून यादीत तो पर्याय मी पहिला ठेवला. शेपफाइल मागणारे पुष्कळ आहेत, तीही देतो. तेव्हा रकान्यांची नावं रोमन लिपीत करून त्यांचा तक्ता झिपमध्ये घालतो.

मोठ्या भागाला वेळ लागतो, म्हणून सर्व्हिस असिंक्रोनस ठेवायची, म्हणजे जॉबचा क्रमांक मिळतो आणि मागणाऱ्याला स्क्रीन धरून बसावं लागत नाही. यात वाद नाही. वाद संदेशांवर आहे. सगळे संदेश उघडे ठेवले तर सर्व्हरवरचे पाथ बाहेर दिसतात. सगळे बंद केले तर ‘जॉब फेल्ड’ एवढंच हाती येतं. ‘एरर ०००७३२’ बघून तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या कार्यकर्त्यानं काय समजायचं? मी आतले संदेश बंद ठेवतो आणि स्वतःची वाक्यं लिहितो: ‘तुम्ही आखलेल्या भागात या लेयरमध्ये काहीच नाही.’ ‘भाग फार मोठा आहे, एकेक तालुका घ्या.’ ही वाक्यं लिहायला मला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

झिपमध्ये एक साधी मजकुराची फाइलही जाते: डेटा कुठून आला, केव्हाचा आहे, कुठल्या प्रोजेक्शनमध्ये आहे. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपचे असतील तर त्यांच्या ओडीबीएल परवान्यानुसार श्रेय देणं बंधनकारक आहे, हेही त्यातच लिहिलेलं असतं.

एकदा सर्व्हिस सामायिक झाली की पॅरामीटरची नावं आपली राहत नाहीत. दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट त्याच नावानं हाक मारत असतात. मी ‘सीमा’चं ‘क्षेत्र’ केलं तर कुठल्यातरी जिल्ह्यातलं कुणाचं तरी पावसाळ्याआधीचं काम अडेल. त्यामुळे बदल करायचाच असेल तर नवी सर्व्हिस नव्या नावानं चढवतो. जुनीवर सूचना लावतो, लॉग बघत राहतो, आणि जोवर तिच्याकडे कुणी काही मागतंय तोवर ती बंद करत नाही.