काटा पंधरावर, गाडी जागेवर

"भाऊ, गाडी मेली."

फोनवर ड्रायव्हर, त्याच्यामागे पाऊस. चिपळूणहून हापूसची कलमं भरून पाटणकडे निघालेली जुनी फोर-व्हील पिकअप कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वर एका वळणावर अडकली होती. चढावर खालून 'खट्' असा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडतो, रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी इंचभर हलत नाही. "क्लच प्लेट गेली," असा निकालही त्याने देऊन टाकला.

मी आधी विचारलं, "चाकांना दगड लावलेस का?"

नव्हते लावले. गाडी गिअरमध्ये आहे, जाते कुठे, असा त्याचा हिशेब. पण इंजिन आणि चाकं यांच्यामधलंच काहीतरी तुटलं असेल, तर गिअर कुणाला धरून ठेवणार? दगड लागले, हँडब्रेक ओढला, मग पुढचं बोलणं.

तीस वर्षांपूर्वी शिकाऊ असताना अशाच तक्रारीवर मी एका जीपचा गिअरबॉक्स उतरवला होता. जीप जागची हलत नाही म्हणजे क्लच, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. उस्ताद लग्नाला गेलेले. सकाळी आठला गाडीखाली शिरलो, दुपारी प्लेट हातात घेतली. चांगली जाडजूड, अजून वर्षभर सहज चालली असती. संध्याकाळी उस्ताद आले, गाडीत डोकावले आणि ट्रान्सफर केसचा छोटा दांडा एक खाच मागे ओढला. टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल अशी त्याची चाल असते. मालकाच्या पोराने खेळताना तो न्यूट्रलवर ढकलला होता. उस्ताद रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. "आता सगळं परत बसव," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

तेव्हापासून पाना उचलायच्या आधी मी हात खिशात घालतो. हे अक्षरशः सांगतोय. हात मोकळे असले की ते काहीतरी खोलायला लागतात.

तर पहिला प्रश्न छोट्या दांड्याचा. टू-एचवर होता, घट्ट बसलेला. मग म्हटलं, "पहिला टाक, क्लच पूर्ण सोड, थोडी रेस दे आणि स्पीडोमीटर बघ."

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग तो हसलाच. "भाऊ, काटा पंधरावर आणि गाडी जागेवर!"

तिथेच क्लच सुटला. या जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडातून निघते. क्लच घसरत असता, गिअरबॉक्स फुटला असता किंवा दांडा न्यूट्रलवर असता, तर काटा शून्यावर झोपून राहिला असता. काटा उठला म्हणजे इंजिनाची ताकद तिथवर पोचत होती आणि त्याच्या मागे कुठेतरी हरवत होती. नव्या गाडीला पोरं स्कॅनर लावतात. या गाडीत स्कॅनर खोचायला जागाच नाही, तिची काय ती बातमी या काट्यावर.

गाडीवरच्या हेल्पर पोऱ्याला फोनवरच म्हटलं, बाजूला उकिडवा बस, खाली शिरू नकोस, आणि प्रोपेलर शाफ्ट बघ. शाफ्ट फिरत होता, पार डिफरन्शियलच्या तोंडापर्यंत. म्हणजे दोष मागच्या हाउसिंगच्या आत. क्राउन-पिनियनचे दात उडाले असते तर दळण दळल्यासारखी कडकड ऐकू आली असती. इथे सगळं शांत. माझा संशय ॲक्सलवर गेला. मागे दोन चाकं असताना एकच ॲक्सल तुटून गाडी ठप्प का व्हावी, असं लोक विचारतात. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि तुटलेली बाजू फुकट फिरू लागली की जोर घ्यायला तिथे कुणी उरत नाही. मग धडधाकट बाजूलाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आता पुढची चाकं. फोर-एच टाकूनही गाडी हलेना, तसा ड्रायव्हर पुन्हा हताश. "पुढच्या चाकांच्या मधली चकती फिरवलीस?" हब मोकळेच होते. भिजत उतरून त्याने दोन्ही 'लॉक'वर आणले आणि गाडी पुढच्या पायांवर हलली. मागच्या चाकाच्या मध्यभागी बोल्टांचं कडं आहे, हेही विचारून घेतलं. ते असलं की वजन हाउसिंगवरच्या बेअरिंगांवर असतं, ॲक्सल नुसता फिरवायचं काम करतो, आणि तो तुटला तरी चाक निसटत नाही. नसतं, तर गाडी हलवू नको, असंच सांगितलं असतं. कलमं दुसऱ्या गाडीत चढवली आणि ही रिकामी, रांगत, खाली चिपळूणला आली. डांबरावर फोर-व्हील लावून फिरू नये, वळणांवर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात. इथे मागची बाजू मोकळीच होती, पिळणार कोण?

बहादूरशेख नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजात मागची दोन्ही चाकं उचलली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं, ते फिरलं नाही. डावं चाक फिरवताना हाताला आतल्या गिअरांचा जडपणा लागत होता. उजवं रिकाम्या डब्यासारखं हलकं. उजव्याचे बोल्ट काढले, फ्लँज ओढला आणि अर्धाच ॲक्सल बाहेर आला. उरलेला तुकडा पाइपला तारेचा फास बांधून काढायला दुपार गेली.

तुटलेलं तोंड मी पुसून उजेडात धरलं. आयटीआयमध्ये आमच्या सरांनी खडू पिळून मोडला होता, त्याचं तोंड तिरकं, स्क्रूच्या आट्यासारखं निघालं होतं. पण हे पिळून एका दमात तुटलेलं लोखंड नव्हतं. दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर लाटांनी वाळूत सोडाव्यात तशा रेषा, एकाबाहेर एक. उरलेला भाग मात्र ताजा, खरखरीत, साखरेसारखा चमकणारा. आजचा 'खट्' फक्त तेवढ्या भागाचा. बाकीचं तुटणं कित्येक महिने गुपचूप चाललेलं, चढागणिक एखादी रेष. आणि त्या रेषा जिथून सुरू होत होत्या तिथे, कडेला, गंजाचा एक खड्डा होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

तो खड्डा बघून मी खाली बसलो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही गाडी दोन दिवस बुडाली होती. त्यानंतर माझ्याकडेच आली होती. तेव्हा ज्याचं त्याचं हाउसिंग उघडलं की दुधाळ चहा बाहेर यायचा, ऑइल आणि पुराचं पाणी एकजीव झालेलं. मी तो चहा काढला, डिझेलने धुतलं, नवीन नव्वद नंबरचं ऑइल भरलं आणि गाडी लावून दिली. ॲक्सल ओढून पाहिले नाहीत. दारात ओळ होती, माझं स्वतःचं गॅरेज चिखलात होतं, ही कारणं खरी आहेत. पण नळीच्या कोपऱ्यात राहिलेल्या पाण्याला कारणं कळत नाहीत. गंज त्याच पुराचा, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मला मात्र शंका नाही.

मालक आले तेव्हा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि हे सगळं सांगितलं. मजुरी घेणार नाही म्हणालो. त्यांनी तुकडा उलटसुलट केला. "अहो, पुरात माझं घर गेलं, तुम्ही ॲक्सलचं काय घेऊन बसलात!" डावा ॲक्सलही ओढून बघितला. त्यावरही खड्डे होते, बारीक. दोन्ही बदलूया म्हटलं तर त्यांनी खिसा चाचपला. तासभर घासाघीस झाली, शेवटी दोन्ही बदलले.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी मीच गाडी शिरगावच्या रस्त्याला काढली. छान ओढत होती. पण क्लच सोडताना दर वेळी खालून 'टक्' येत होतं. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला विचारलं.

"ते होय? ते पहिल्यापासूनच आहे. म्हणून तर टेप मोठा ठेवतो."

मी गाडी वळवली. गॅरेजात पोऱ्या हात धुऊन डबा सोडत होता. म्हटलं, जॅक पुन्हा लाव, प्रोपेलरचे क्रॉस बघायचेत.